न झालेली कुस्ती

जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही पाहिलेल्या आहेत. हलगी कडाडू लागली की माणसाचे पाय आपोआप आखाड्याकडे वळतात. पंच मंडळी जोड लावतात. दोन गडी शेजारी उभे करायचे, उंची बघायची, अंगलट बघायची, की झालं. "जोड बरोबर हाय, सोडा!" तिथे काटा नसतो, तराजू नसतो. जाणत्याची नजर हाच काटा.

आता अशी कल्पना करा. एका मोठ्या मैदानाला खुटबावच्या वतीने एकच पैलवान पाठवायचा आहे. एक गडी सव्वीस वर्षांचा आहे. मैदानात शिरण्याची जागा त्यानेच लढून मिळवली आहे. दुसरा तेहेतीस वर्षांचा. त्याने गावाचे नाव दूरदूर नेले आहे. पण जागा मिळवायची वेळ आली तेव्हा त्याचा खांदा दुखावलेला होता. आता तो म्हणतो, मी बरा झालो. मग कोणाला पाठवायचे?

पारावर लगेच दोन तट पडतील.

"आबा, जागा त्या पोरानं मिळवलीया. त्यालाच धाडा," कोणी म्हणेल.

आबा म्हणतील, "आरं, वय झालं तरी वाघ हाय त्यो. दोघांची एकदा लावा की! जो पडंल त्यो ऱ्हाईल घरी."

गावात हा प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटेल. पण २०१६ साली देशापुढे हाच प्रश्न आला, तेव्हा तो आखाड्यात सुटला नाही. तो कोर्टात गेला, तिथून प्रयोगशाळेत गेला, आणि शेवटी परदेशात एका लवादापुढे गेला. त्यातला तरुण गडी महाराष्ट्राकडून लढणारा होता. त्याचे नाव नरसिंग यादव. ज्येष्ठ पैलवान दिल्लीचा. त्याचे नाव सुशील कुमार. आपल्या दौंड-शिरूर भागात तालमीत जाणारी पोरे गावोगाव आहेत. त्यांच्या आईबापांनी ही हकीकत वाचावी म्हणून आम्ही ती इथे देत आहोत.

आधी वजनाचे समजून घेऊ. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाची जत्रा. ती चार वर्षांनी भरते. तिथली कुस्ती मातीत नसते, गादीवर असते. ती सहा मिनिटे चालते. तीन मिनिटे, मग थोडा विसावा, मग पुन्हा तीन मिनिटे. पाठ टेकली तर निकाल तिथल्या तिथे. नाही टेकली तर गुण मोजतात. आणि जोड नजरेने लावत नाहीत, काट्यावर वजन करून लावतात. २०१६ साली पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीत सहा गट होते: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. त्यातला ७४ किलो हा मधला गट. हलक्याची चपळाई आणि जडाची ताकद, दोन्ही इथे लागतात. मुष्टियुद्धात, म्हणजे बॉक्सिंगमध्येही असेच गट असतात. तिथे ७५ किलोच्या गटाला मिडलवेट म्हणत. मिडलवेट म्हणजे मधले वजन. त्या वजनात भारताच्या विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगला कांस्यपदक मिळवले. कांस्यपदक म्हणजे तिसऱ्या मानाचे पदक.

त्याच बीजिंगला सुशील कुमारनेही कांस्यपदक मिळवले. भारतीय पैलवानाला ऑलिंपिकचे पदक मिळाले ते छप्पन वर्षांनी. त्याच्या आधीचे पदक आपल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांचे, १९५२ सालचे.

सुशील दिल्लीजवळच्या बापरोला गावचा. वडील बसचे ड्रायव्हर. पोरगा लहानपणीच दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सतपाल यांच्या हाताखाली गेला. सतपाल म्हणजे तेच, ज्यांच्याशी महाराष्ट्राचे हरिश्चंद्र बिराजदार लढले. बिराजदारांनी पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत किती पैलवान घडवले ते जुन्या मंडळींना विचारा. असा वस्ताद लाभल्यावर शिष्य मागे राहील काय? २०१० साली मॉस्कोला सुशील जगज्जेता झाला. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक आणले. पण हे सारे ६६ किलोच्या गटात. २०१३ सालच्या अखेरीस कुस्तीच्या जागतिक संघटनेने वजने बदलली आणि ६६ चा गटच गेला. ऑलिंपिकसाठी खाली ६५ होता, वर ७४. तिशी ओलांडलेल्या माणसाने अंग वाळवून खाली जायचे की खुराक वाढवून वर जायचे? सुशील वर गेला. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ७४ किलोत सुवर्णपदक जिंकले. शेवटची कुस्ती तर दोन मिनिटेही टिकली नाही.

म्हणजे तो वर गेला आणि तिथे होता नरसिंग.

नरसिंगचे घराणे वाराणसीकडचे, पण पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले. वडिलांचा दुधाचा धंदा. पोराने कांदिवलीच्या केंद्रात मेहनत केली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ७४ किलोत सुवर्णपदक जिंकले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मग २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरी झाला. महाराष्ट्र केसरी म्हणजे काय हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. चांदीची गदा खांद्यावर घेतलेला पैलवान गावात आला तर लग्नाची वरातसुद्धा बाजूला उभी राहील. लंडनच्या ऑलिंपिकला नरसिंग गेला होता, पण पहिल्याच कुस्तीत हरला. तो परत मेहनतीला लागला. २०१४ साली आशियाई स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले.

२०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लास व्हेगास इथे जागतिक स्पर्धा होती. तिथे कोण जाणार ते ठरवायला जुलैमध्ये चाचणी झाली. चाचणी म्हणजे निवडीसाठी लावलेली कुस्ती. सुशील खांद्याच्या दुखण्यामुळे आला नाही. नरसिंग गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. त्या स्पर्धेत भारताला मिळालेले ते एकमेव पदक. त्याबरोबर भारताला पुढच्या वर्षीच्या रिओ ऑलिंपिकची ७४ किलोची एक जागा मिळाली. अशा जागेला कोटा म्हणतात.

इथे नीट लक्ष द्या. सगळा तंटा या एका शब्दावरून झाला. मोठ्या मैदानाला गावाला एक पास मिळावा, तसा हा कोटा. पास गावाच्या नावाचा असतो. पण तो मिळवून आणतो एक पोरगा. मग पासावर बसून जायचे कोणी? सुशीलचे म्हणणे होते, जागा देशाची आहे. तेव्हा देशात आज जो सर्वांत भारी असेल तो जावा. आमची दोघांची चाचणी घ्या. नरसिंगचे म्हणणे होते, मी लढून जागा मिळवली. आता तोंडावर आलेल्या वेळी मला पुन्हा का लढवता? कुस्ती महासंघाने नरसिंगची बाजू घेतली. जो कोटा आणतो तोच जातो, अशी आमची चाल आहे, असे महासंघाने सांगितले.

तुम्ही म्हणाल, आबांचेच बरोबर आहे, लावा की कुस्ती. आम्हालाही क्षणभर तसेच वाटले होते. खाशाबांचेच उदाहरण पाहा. १९५२ साली मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला आणि निवडीतून डावलले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. त्यांनी खाशाबांना चाचणीत लढू दिले. खाशाबांनी समोरच्याला लोळवले आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीचे दार उघडले. मग गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर आपले घर गहाण टाकले. तेव्हा कुठे भारताला ते पदक दिसले. चाचणी झाली नसती तर ते पदकही नव्हते.

पण दोन गोष्टींत फरक आहे. खाशाबांच्या वेळी कोटा नव्हता. कोणी जागा जिंकून आणलेली नव्हती. शिवाय खाशाबांची तक्रार पंचांच्या गुणांबद्दल होती. इथे सुशीलला कोणी हरवले नव्हते, तसे कोणी डावललेही नव्हते. दुखापतीने त्याची वेळ चुकली होती. दुखापत हा काही गुन्हा नव्हे. तरी तिचा भुर्दंड दुसऱ्याने का सोसावा?

आमचे मत विचाराल तर चाचणीची मागणी वाईट नव्हती, तिची वेळ वाईट होती. पेरणी झाल्यावर बांध सरकवायचा नसतो. महासंघाने २०१५ सालीच कागदावर लिहून जाहीर करायला हवे होते की कोटा मिळवणाराच जाईल, किंवा अमुक महिन्यात चाचणी होईल. मग दोघांनीही तयारी तशी केली असती. नुसत्या चालीवर कारभार चालला की ज्याला ती चाल मोडायची असते त्याला कोर्टाशिवाय वाट उरत नाही.

सुशील दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. ६ जून २०१६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे. खेळाडू निवडणे हे महासंघाचे काम आहे. त्यात उघड अन्याय दिसला तरच न्यायालय हात घालील. आणि स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना चाचणी लावली, तर निवडलेल्या पैलवानाला इजा होऊ शकते, त्याची तयारी बिघडू शकते. सुशील मोठा पैलवान आहे हे कोणीच नाकारले नाही. पण मोठेपणा हा जागेवरचा हक्क ठरला नाही.

नरसिंगला वाटले असेल, सुटलो. तो हरियाणातल्या सोनीपतच्या केंद्रात तयारीला लागला. २५ जूनला तिथे तपासनीस आले.

ही तपासणी कशी होते ते तालमीतल्या प्रत्येक पोराला माहीत हवे. तपासनीस न सांगता येतात. पैलवानाची लघवी त्याच्या समोर दोन बाटल्यांत घेतात. दोन्ही बाटल्या त्याच्या समोर मोहोरबंद करतात. पहिली बाटली प्रयोगशाळेत तपासतात. तिच्यात काही सापडले आणि पैलवानाने मागणी केली, तर दुसरी उघडतात. बंदी असलेली औषधे कोणती, त्याची यादी जगभर एकच असते.

नरसिंगच्या तपासणीत मेथँडायनोन सापडले. शब्द मोठा आहे, तोडून वाचा: मे-थँ-डाय-नोन. हे स्नायू फुगवणारे औषध आहे. त्याच्या गोळ्या मिळतात. त्याने अंग झटपट भरते, पण यकृताला आणि हृदयाला इजा होते. जुलैच्या अखेरीस ही बातमी फुटली आणि सगळा देश हादरला. नरसिंग म्हणाला, मी हे घेतलेले नाही, माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले. त्याने पोलिसांत तक्रार दिली. मधल्या काळात महासंघाने त्याच्या जागी प्रवीण राणा या पैलवानाचे नाव पुढे केले. १ ऑगस्टला देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने नरसिंगचे म्हणणे मानले आणि त्याला निर्दोष सोडले. राणाचे नाव मागे पडले. नरसिंग विमानात बसून रिओला गेला.

त्याची कुस्ती १९ ऑगस्टला होती. देशातला निकाल जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेला मान्य नव्हता. ती क्रीडा लवादाकडे गेली. लवाद म्हणजे तंटा सोडवणारे पंच मंडळ. खेळांचे हे लवाद मंडळ स्वित्झर्लंडमध्ये असते. ऑलिंपिकच्या वेळी ते जागेवरच आपले तात्पुरते कार्यालय उघडते. १८ ऑगस्टला सुनावणी झाली. तज्ज्ञाने अंगातल्या औषधाचे प्रमाण पाहून सांगितले की हे गोळीच्या रूपाने, आणि एकाहून अधिक वेळा पोटात गेलेले दिसते. कोणी मिसळले असेल तर त्याचा खरा पुरावा काय, असे लवादाने विचारले. तसा पुरावा पुढे आला नाही. चार वर्षांची बंदी लागली. दुसऱ्या दिवशी कुस्ती होती. नरसिंग रिओतच होता, पण गादीवर जाऊ शकला नाही.

इथे कायद्याची जी गोष्ट आहे ती कठोर आहे. शेतात चोरी झाली तर चोराने चोरी केली हे पोलिसांनी दाखवायचे असते. उत्तेजकाचे तसे नाही. तुमच्या अंगात जे सापडले त्याला तुम्ही जबाबदार. ते कसे आले हे तुम्हीच पटवून द्यायचे. हा नियम अन्यायाचा वाटतो ना? आम्हालाही वाटतो. पण तो नसता तर पकडलेला प्रत्येक जण 'कोणीतरी मिसळले' म्हणाला असता. म्हणून मोठ्या पातळीवरचे पैलवान आपली पाण्याची बाटलीसुद्धा नजरेआड करीत नाहीत. एकदा ठेवून गेलेली बाटली परत आल्यावर ओतून देतात. डबा घरचा, किंवा डोळ्यांदेखत शिजलेला. आपल्या भागातल्या पोरांनाही कोणी दुकानदार, कोणी दोस्त डब्यातली पावडर देतो, गोळी देतो. "महिन्यात अंग धरंल बघ." त्या डब्यावर काय लिहिले आहे ते आता तुम्ही वाचू शकता. वाचा, आणि कळले नाही तर डॉक्टरला दाखवा. दूध, तूप, बदाम, ज्वारीची भाकरी यांत मेथँडायनोन नसते.

रिओला ७४ किलोचे सुवर्णपदक इराणच्या हसन यझदानीने जिंकले. तो एकवीस वर्षांचा पोरगा होता. भारताचा पैलवान त्या गटात उतरलाच नाही. न तरुण उतरला, न ज्येष्ठ. भारताला कुस्तीत त्या वर्षी एकच पदक मिळाले. ते साक्षी मलिक या मुलीने ५८ किलोत मिळवले.

पुढची गोष्ट आणखी विचार करण्यासारखी आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदूरला राष्ट्रीय स्पर्धा झाली. सुशील तीन वर्षांनी मैदानात उतरला. पहिल्या दोन कुस्त्या त्याने भराभर जिंकल्या. नंतर उपउपांत्य, उपांत्य आणि शेवटची अशा तिन्ही कुस्त्यांत समोरचा पैलवान लढलाच नाही. त्यांनी पुढे चाल दिली, सुशीलला मान दिला. शेवटच्या कुस्तीत चाल देणारा होता तोच प्रवीण राणा. हा आदर की आणखी काही, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. आमच्या आखाड्यात तर अशी कुस्ती पाहून लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. एका महिन्याने दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धेची चाचणी होती. तिथे राणा सुशीलशी लढला. सुशील जिंकला, पण बाहेर दोघांच्या माणसांत हाणामारी झाली. तरी सुशीलने २०१८ साली राष्ट्रकुलचे सुवर्णपदक आणले. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत मात्र तो पहिल्याच कुस्तीत हरला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेसाठी पुन्हा चाचणी झाली. आता सुशील छत्तीस वर्षांचा होता. समोर जितेंदर कुमार हा तरुण गडी. म्हणजे आबांना पाहिजे होती तशी कुस्ती या खेपेस खरोखर लागली. वयस्क पैलवान जिंकला. तरुणाने तक्रार केली की मला डोळ्याला लागले. पुढे जागतिक स्पर्धेत सुशील पहिल्याच फेरीत हरला. चाचणी जिंकणे वेगळे आणि जगापुढे टिकणे वेगळे, हे तिथे दिसले. सुशीलला २०२१ साली एका तरुण पैलवानाच्या मृत्यूच्या प्रकरणी अटक झाली. तो खटला न्यायालयाचा विषय आहे, या धड्याचा नव्हे.

बॉक्सिंगमध्येही त्याच सुमारास असाच तंटा झाला, पण उलटा. मेरी कोम ही मोठी, जगज्जेती बॉक्सर. तिला चाचणीशिवायच पुढे पाठवण्याचा विचार चालला होता. निखत झरीन या तेवीस वर्षांच्या मुलीने मंत्र्यांना पत्र लिहिले, की माझी आणि तिची चाचणी घ्या. इथे चाचणी मागणारी तरुण होती. २८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत लढत झाली. पाच-सहा मिनिटांची लढत नव्हे ती, सगळा देश बघत होता. मेरी कोम जिंकली. निखतला घरी जावे लागले. पण तिच्या मनात 'मला संधीच मिळाली नाही' हा काटा राहिला नाही. २०२२ साली ती स्वतः जगज्जेती झाली.

नरसिंगची बंदी २०२० साली संपली. तेव्हा तो एकतीस वर्षांचा झाला होता. एकतीसमधून सत्तावीस वजा करा. त्या चार वर्षांत पैलवान आपल्या भर ताकदीत असतो. त्याने पुन्हा लांग कसली, त्याच ७४ किलोत परदेशी जाऊन लढला, पण ती जुनी जागा काही परत आली नाही. ज्या गटात तो पूर्वी उगवता होता त्या गटात आता तोच वयस्क होता आणि समोर नवी पोरे होती.

२०२४ च्या एप्रिलमध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू समितीची निवडणूक दिल्लीत झाली. पैलवानांची गाऱ्हाणी महासंघापुढे मांडणे हे या समितीचे काम. अध्यक्ष म्हणून नरसिंग यादव निवडून आला.